मोडशीचे हरवलेले इंग्रजी नाव

आषाढ लागला की कोल्हापुरात पंचगंगेला नवे पाणी येते. हे तांबडे, गढूळ पाणी कळशांत भरून गल्लोगल्लीचे लोक वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर जातात आणि त्र्यंबोली देवीच्या पायऱ्यांवर ते ओततात. पुढे ‘पी ढबाक्’चा गजर चालू असतो. रोगराई टळो, घरादाराला सुख लाभो, हे मागणे त्यामागे असते. याच दिवसांत शाळेच्या फळ्यावर ‘पाणी उकळून प्या’ अशी सूचना लिहावी लागते आणि दवाखान्यांत उलट्या-जुलाबांचे रोगी वाढतात. डॉक्टर म्हणतात ‘गॅस्ट्रो’. वर्तमानपत्रे छापतात ‘गॅस्ट्रोची साथ’. घरातली आजी मात्र म्हणते, “मोडशी झाली असेल, पेज द्या त्याला.”

मोडशी हा शब्द आता मागे पडत चालला आहे. तरुण शिक्षकांपैकी अनेकांनी तो ऐकला असेल, पण वापरला नसेल. हाच शब्द एके काळी इंग्रजीत गेला होता, हे सांगितले तर नवल वाटेल. इंग्रज डॉक्टर, न्यायाधीश आणि आरमारी अधिकारी तो वापरत. मात्र तेथे पोहोचेपर्यंत त्याचा वेष इतका बदलला होता, की खाली मराठी शब्द आहे हे कोणाला ओळखू येईना. पुढे तो इंग्रजीतूनही नाहीसा झाला. पण जाता जाता एका रोगाच्या इतिहासात त्याने मोठा घोटाळा करून ठेवला. त्या शब्दाची आणि त्या घोटाळ्याची ही हकीकत आहे.

कुत्र्याचे मरण?

अठराव्या शतकात हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या लिखाणात एका रोगाचे नाव वारंवार येते: ‘मोर द शियँ’. शब्द सरळ फ्रेंच दिसतो. ‘मोर’ म्हणजे मरण आणि ‘शियँ’ म्हणजे कुत्रा, तेव्हा अर्थ झाला ‘कुत्र्याचे मरण’. आम्ही हा शब्द प्रथम वाचला तेव्हा पिसाळलेले कुत्रे चावून होणारा रोग असावा, असेच वाटले. पण लक्षणे वाचली तर त्यांत कुत्र्याचा कोठे पत्ताच नाही. जोराच्या उलट्या, पाण्यासारखे जुलाब, पायांत आणि पोटात गोळे येणे, अंग गार पडणे, डोळे खोल जाणे आणि काही तासांत मृत्यू. हे वर्णन कॉलऱ्याचे, म्हणजे आपल्याकडच्या पटकीचे आहे.

मग कुत्रा आला कोठून? आपल्याकडे ‘कुत्र्याच्या मौतीने मरणे’ असा वाक्प्रचार आहे. हालहाल होऊन, बेवारशासारखे मरणे असा त्याचा अर्थ. फ्रेंचांच्याही मनात असेच काही आले असेल आणि म्हणून त्यांनी रोगाला हे नाव दिले असेल, असे वाटणे साहजिक आहे. हा खुलासा पटतो, पण तो चुकीचा आहे. या नावाचा कुत्र्याशी काही संबंध नाही. मरणाशीही मुळात नाही.

याचा उलगडा एका प्रसिद्ध कोशात सापडतो. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीत शिरलेल्या शब्दांचा कोश १८८६ साली प्रसिद्ध केला. त्याचे नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. विल्यम क्रुक यांनी वाढवलेली त्याची दुसरी आवृत्ती १९०३ साली निघाली. या कोशात ‘मोर द शियँ’ची मोठी नोंद आहे आणि तिच्यात या शब्दाचा माग गोव्यापर्यंत आणि तेथून मराठी-कोकणीतील ‘मोडशी’पर्यंत काढलेला आहे. मोडशी हा शब्द ‘मोडणे’ या क्रियापदावरून आला. अंग मोडून जाणे, शरीर खचणे, हा त्यातला भाव.

गोव्याचा वैद्य

आता हा प्रवास मूळ टोकाकडून पाहू. कोल्हापूरच्या पश्चिमेला घाट उतरला की कोकण लागते आणि दक्षिणेला सरकले की गोवे. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवे शहर घेतले. तेथे त्यांना नवी फळे, नवी औषधे आणि नवे रोगही भेटले.

गास्पार कोरेया या पोर्तुगीज बखरकाराने १५४३ साली गोव्यात आलेल्या एका साथीची हकीकत लिहून ठेवली आहे. माणसे इतकी मरू लागली, की मृतांसाठी चर्चमधील घंटा वाजवण्यास गव्हर्नराने मनाई केली. त्या नादाने लोक आणखी घाबरत. गव्हर्नराने एक प्रेत उघडून तपासायला लावले, तेव्हा आक्रसलेल्या जठराखेरीज काही आढळले नाही. कोरेया या रोगाचे स्थानिक नाव देतो, ते ‘मोरिशी’ या उच्चाराच्या जवळचे आहे.

वीस वर्षांनी, १५६३ साली, गोव्यात एक महत्त्वाचे पुस्तक छापले गेले. भारतात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. लेखक होता गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला आणि अखेरपर्यंत इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा होती. हिंदू आणि मुसलमान वैद्यांशी बोलून, स्वतः पाहून त्याने इथल्या वनस्पती आणि औषधे यांविषयी संवादरूप पुस्तक लिहिले. या पुस्तकातील एका संवादात मध्येच निरोप येतो, की एका सरदाराच्या भावाला हा रोग झाला आहे, ताबडतोब चला. तेथून चर्चा रोगाकडे वळते.

ओर्ताने केलेले वर्णन आजच्या डॉक्टरलाही ओळखता येईल असे आहे. नाडी क्षीण, कातडी थंड, घाम, न भागणारी तहान, खोल गेलेले डोळे, हातापायांना येणारे गोळे. कित्येक रोगी दहा तासही टिकत नाहीत, असे तो सांगतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो नावांकडेही लक्ष देतो. भारतीय लोक या रोगाला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही पोर्तुगीज त्याचा अपभ्रंश करून ‘मोर्देशी’ म्हणतो, असे तो स्वतःच नोंदवून ठेवतो. शब्द बिघडत असताना तो बिघडतो आहे हे जागच्या जागी लिहून ठेवणारा साक्षीदार भाषेच्या अभ्यासकाला क्वचितच मिळतो.

ड चा र कसा झाला?

‘मोडशी’तल्या ड चा र कसा झाला, हे वर्गात मुलांकडून करून घेण्यासारखे आहे. मुलांना ‘डबा’ म्हणायला सांगा आणि मग ‘गाडी’ म्हणायला सांगा. ‘डबा’ म्हणताना जिभेचे टोक वर टेकते आणि सुटते. ‘गाडी’ म्हणताना ते वळून टाळूला नुसते चाटून खाली येते. लिहिताना दोन्हीकडे एकच ड असला तरी दुसरा ड ऐकायला र च्या जवळ जातो. ज्याच्या भाषेत असा ड नाही, त्याला तो र वाटतो. म्हणून ‘मारवाडी’चे इंग्रजी स्पेलिंग र ने होते, आपली ‘साडी’ इंग्रजीत ‘सारी’ होते आणि ‘खिचडी’ इंग्रजांच्या न्याहारीत ‘केजरी’ होऊन बसते. मोडशीची मोर्शी झाली ती याच वाटेने.

श बद्दलही एक गंमत आहे. पोर्तुगीज भाषेत श हा उच्चार ‘एक्स’ या अक्षराने लिहितात. गोव्यात रोमन लिपीत कोकणी लिहिणारे लोक आजही श साठी हेच अक्षर वापरतात. त्यामुळे पोर्तुगिजांनी लिहिलेली ‘मोर्शी’ ज्याला पोर्तुगीज येत नाही अशा माणसाने वाचली, तर तो तिचा उच्चार भलताच करणार. परदेशी कागदपत्रांत हे नाव नाना रूपांत सापडते त्याचे हे एक कारण आहे.

गोव्यात १५८३ ते १५८८ या काळात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाच्या पुस्तकात हा शब्द आहे. १६७०च्या दशकात भारतात असलेला फ्रेंच वैद्य देलाँ याच्या लिखाणातही आहे. पोर्तुगिजांनी शेवटी एक अनुनासिक जोडले आणि शब्द झाला ‘मोर्देशीं’. फ्रेंचांच्या कानावर तो पडला तेव्हा त्यांना त्यात आपल्याच भाषेतले तीन शब्द ऐकू आले. मोर, द, शियँ! झाले, रोगाला नवे नाव मिळाले. इंग्रजांनी ते फ्रेंच समजूनच उचलले. मोडशी, मोर्शी, मोर्देशी, मोर्देशीं, मोर द शियँ, अशी ही साखळी एका दमात म्हणून पाहिली की कोठेच मोठी उडी दिसत नाही. पण पहिले आणि शेवटचे टोक शेजारी ठेवले तर नाते पटत नाही.

अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दांचे कपडे चढवण्याच्या या प्रकाराला लोकव्युत्पत्ती म्हणतात. तो कोणा एका भाषेचा दोष नाही. इंग्रज पहारेकरी अंधारात “हू कम्स देअर?” असे दरडावत. आपल्या शिपायांनी त्याचे ‘हुकूमदार’ केले. त्यात त्यांना ‘हुकूम’ ऐकू आला. उलट दिशेचे उदाहरण खुद्द ‘हॉब्सन-जॉब्सन’ या नावाचे आहे. मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन! या हुसेन!’ हा घोष गोऱ्या सोल्जरांनी ऐकला आणि त्यातून त्यांनी हॉब्सन व जॉब्सन ही आपल्याकडची दोन आडनावे बनवली. मोहरमचे पंजे पाहायला निघणाऱ्या कोल्हापूरकरांना ते वेगळे समजावून सांगायला नको. मराठीतला ‘मुंगूस’ही असाच इंग्रजीत गेला आणि तेथे त्याच्या शेपटीला ‘गूज’ म्हणजे हंसासारखा पक्षी चिकटला. मुंगूस इंग्रजीत अजून जिवंत आहे. मोडशी मात्र मेली.

नाव बदलले आणि रोग ‘नवा’ ठरला

इथपर्यंतची गोष्ट शब्दांची गंमत म्हणून सोडून देता आली असती. पण पुढे जे झाले ते गमतीचे नाही.

१८१७ सालच्या ऑगस्टमध्ये बंगालमधील जेसोर येथे उलट्या-जुलाबांची भयंकर साथ सुरू झाली. तेथील डॉक्टर रॉबर्ट टायटलर यांना वाटले, की वाईट तांदूळ खाण्यात आल्याने हे होते आहे. त्यांनी रोगाला तांदळावरूनच एक लॅटिन नाव दिले. नोव्हेंबरात ही साथ बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांच्या फौजेत शिरली. १८१८ साली, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षी, ती दख्खनमधून मुंबईस पोहोचली. मुंबईच्या वैद्यकीय मंडळाने १८१९ मध्ये तिच्यावरील अहवाल छापला. जहाजांनी ती पुढे नेली आणि १८३०च्या दशकात ती युरोप-अमेरिकेत गेली.

या साथीला इंग्रज डॉक्टरांनी ‘कॉलरा’ म्हटले. हे नाव नवे नव्हते. ‘कॉलरा’ हा ग्रीक वैद्यांचा जुना शब्द. पित्त उसळून होणाऱ्या उलट्या-जुलाबांना ते तसे म्हणत. थॉमस सिडनम या डॉक्टराने १६६९ साली लंडनमधल्या ‘कॉलरा’चे वर्णन केले आहे. तो उन्हाळ्याच्या अखेरीस येणारा पोटाचा विकार होता. म्हणजे जुने, बहुधा सौम्य रोगाचे नाव आता एका मारक रोगाला दिले गेले. म्हणून सुरुवातीला त्याला ‘आशियाई’ वगैरे विशेषणे लावावी लागली. पुढे विशेषण गळाले आणि ‘कॉलरा’ म्हणजे हाच रोग असे ठरले. मग ‘मोर द शियँ’ची गरज उरली नाही. एका पिढीत तो शब्द वापरातून गेला.

आणि इथेच घोटाळा झाला. हिंदुस्थानात हा कॉलरा १८१७च्या आधी कधीच नव्हता, अशी समजूत रूढ झाली. हेस्टिंग्ज यांच्या कारकिर्दीत एक नवाच रोग जन्माला आला, असे लोक लिहू लागले. जुन्या कागदपत्रांत ‘कॉलरा’ असे शोधले तर तो आढळणार कसा? तेथे लिहिलेले होते मोर्शी, मोर्देशीं, मोर द शियँ. रोगाची नोंद होती, पण तिच्यावरचे नाव वाचणाऱ्याला कळत नव्हते. ज्या शब्दाने पुरावा सांगायचा, त्याच शब्दाने तो झाकून टाकला.

हा पुरावा बाहेर काढण्याचे मोठे काम जॉन मॅक्फर्सन या डॉक्टरांनी केले. १८१७ पूर्वीच्या कॉलऱ्याचा इतिहास त्यांनी १८७२ साली पुस्तकरूपाने मांडला. प्रवाशांची वर्णने, आरमारी डॉक्टरांच्या नोंदी, पोर्तुगीज आणि डच लेखकांचे ग्रंथ त्यांनी चाळले. आधी नाव न पाहता लक्षणे पाहिली. १५४३चे गोवे, १५६३चा ओर्ता, १७८१ साली गंजामजवळ फौजेत पसरलेली साथ, १७८३ सालची हरिद्वारच्या यात्रेतील साथ, हे सारे एका ओळीत मांडता आले. ‘हॉब्सन-जॉब्सन’च्या संपादकांनीही शब्दाच्या बाजूने हाच निष्कर्ष काढला. १८१७ साली नवे काय होते? या रोगाचे जगभर फिरणे नवे होते. फौजा, व्यापार आणि जहाजे यांनी त्याला पाय दिले.

तरीही सावध राहिले पाहिजे

एवढे वाचून ‘जेथे मोडशी तेथे कॉलरा’ असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश इलायजा इम्पी यांनी १७८० साली एका पत्रात लिहिले आहे, की त्यांना वर्षातून एकदोनदा ‘मोर द शियँ’चा जोरदार झटका येतो. खरा कॉलरा वर्षातून दोनदा होऊन माणूस दरवेळी न्यायासनावर परत बसतो, हे पटण्यासारखे नाही. म्हणजे त्या काळीही हे नाव साध्या अपचनापासून जीवघेण्या साथीपर्यंत सैलपणे वापरले जात होते. आपल्या आजीची मोडशीही बहुतेक वेळा अजीर्णच असते. दोन दिवस लंघन केले, पेज घेतली की ती बरी होते.

याचे कारण साधे आहे. जुनी नावे लक्षणांना दिलेली असत, कारणांना नव्हेत. जंतू कोणी पाहिलेला नव्हता. इटलीतील फिलिप्पो पाचिनी यांनी १८५४ साली सूक्ष्मदर्शकाखाली कॉलऱ्याचे जंतू पाहिले, पण त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन स्नो यांनी ही साथ पाण्याच्या पंपाशी जोडून दाखवली. पुढे रॉबर्ट कॉख यांनी १८८३ मध्ये इजिप्तमध्ये आणि १८८४च्या सुरुवातीस कलकत्त्यात या स्वल्पविरामासारख्या वाकड्या जंतूचा पाठपुरावा केला. तेव्हापासून ‘कॉलरा’ म्हणजे विशिष्ट जंतूने होणारा रोग, असा नेमका अर्थ झाला. एकाच शब्दाचे तीन काळांत तीन अर्थ झाले, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. जुने पुस्तक वाचताना त्यातल्या शब्दाला आजचा अर्थ चिकटवला की चूक होते.

ही अडचण फक्त जुन्या काळाची नाही. ‘गॅस्ट्रो’ हेही लक्षणाचेच नाव आहे. त्यामागे विषाणू असू शकतो, दुसरा एखादा जंतू असू शकतो, कॉलऱ्याचाही असू शकतो. शौचाचा नमुना तपासल्याशिवाय ते ठरत नाही. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली. ‘कावीळ’ म्हणजे डोळे पिवळे होणे. पिवळेपणा कशामुळे आला, हे नाव सांगत नाही.

मोडणे म्हणजे काय?

तरीसुद्धा ‘मोडशी’ हे नाव ज्या कोणी ठेवले, त्याची नजर पक्की होती. कॉलऱ्यात शरीर खरोखरच मोडते, आणि का मोडते हे आता आपल्याला नीट कळले आहे.

कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या अस्तरावर वाढतो आणि एक विष सोडतो. जंतू वगळून नुसता त्याच्या वाढीचा गाळलेला द्रव घेतला तरी आतड्यात पाणी जमते, हे कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी दाखवले. त्यांचा निबंध १९५९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. या विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार बाहेर टाकत राहतात आणि क्षारांमागे पाणी जाते. तीव्र रोगात तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीरातून निघून जाऊ शकते. रक्त घट्ट होते, नाडी लागत नाही, अंग गार पडते, क्षार कमी झाल्याने स्नायूंत गोळे येतात. ओर्ताने टिपलेली लक्षणे हीच. कोरेयाच्या काळी उघडलेल्या प्रेतात मोठी जखम वा गळू दिसले नाही, हेही यात बसते. आतडे कोठे फाटलेले नसते. माणूस पाण्याविना मरतो.

मग उपाय कोणते होते? ओर्ताने आणि देलाँने तापलेल्या लोखंडाने डागण्याचा उपाय सांगितला आहे. देलाँच्या वर्णनात डाग टाचेला द्यायचा असतो. आपल्या खेड्यांतही डागण्याची प्रथा होती, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. त्याने रोग्याच्या वेदना वाढण्यापलीकडे काही होत नसे. पण त्याच संवादात ओर्ता आणखी एक गोष्ट सांगतो. इथले वैद्य रोग्याला मिरे आणि जिरे घालून भाताचे पाणी पाजतात, त्याला कांजी म्हणतात. म्हणजे आजीची पेजच!

ही पेज विज्ञानाच्या कसोटीवर पुरती नापास होत नाही. कॉलऱ्यात नुसते पाणी प्यायले तर ते आतड्यात पुरेसे शोषले जात नाही. पण पाण्यात योग्य प्रमाणात मीठ आणि ग्लुकोज असेल, तर ग्लुकोजचा हात धरून सोडियम आत जातो आणि त्याच्यामागे पाणी. शोषणाची ही वाट कॉलऱ्याचे विष बंद करू शकत नाही. तांदळातल्या पिठुळ पदार्थाचेही आतड्यात ग्लुकोजच होते. म्हणून तांदळाच्या पिठाची जलसंजीवनीही कॉलऱ्यात तपासली गेली आणि उपयोगी ठरली. अर्थात सोळाव्या शतकातल्या वैद्याला मिठाचे प्रमाण आणि किती पाजायचे याचा अंदाज नव्हता. घोट-दोन घोट पेजेने लिटरांनी गेलेले पाणी भरून येत नाही.

ते भरून काढण्याची ताकद १९७१ साली दिसली. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून तेच रोग्यांना त्यांच्या नातेवाइकांकरवी पाजायला लावले. छावणीत ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण हा उपचार घेणाऱ्यांत ४ टक्क्यांच्या खाली आले. महालनबीस २०२२ साली वारले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

वर्गात काय करता येईल?

आपल्या भागात उलट्या-जुलाबांच्या रोगांना किती नावे आहेत, याची यादी विद्यार्थ्यांना करायला सांगावी. मोडशी, हगवण, ढाळ, पटकी, वाखा, महामारी, जरीमरी, अशी बरीच नावे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मिळतील. काही नावे फक्त शिव्याशापांत उरली आहेत. ‘तुला पटकी येवो’ म्हणणाऱ्या कित्येकांना पटकी म्हणजे काय ते माहीत नसते. नावापुढे तीन रकाने करावेत: सांगणाऱ्याने कोणती लक्षणे सांगितली, रोग जीवघेणा होता का, आणि तेव्हा उपाय काय करत. ज्या शब्दाचा अर्थ सांगणारे दोघे वेगवेगळा सांगतील, तेथे दोन्ही अर्थ लिहावेत. कोणता बरोबर हे ठरवण्याची घाई करू नये. ओर्ताने तेच केले होते. ऐकलेला शब्द आणि पाहिलेली लक्षणे त्याने शेजारी शेजारी ठेवली, म्हणून साडेचारशे वर्षांनी आपल्याला त्यातून काही समजू शकते.

याच तासाला जलसंजीवनीही करून दाखवावी. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, त्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नये. रोगी लहान मूल असेल, पाणी पोटात ठरत नसेल, डोळे खोल गेले असतील किंवा लघवी होत नसेल, तर हे पाजत पाजत ताबडतोब दवाखाना गाठावा. आजीने मोडशी म्हटले, डॉक्टरांनी गॅस्ट्रो म्हटले किंवा प्रयोगशाळेने कॉलरा म्हटले, तरी शरीरातून गेलेले पाणी आणि मीठ परत घालणे हे पहिले काम आहे. नेमके नाव त्यानंतर ठरवता येते, आणि ठरल्यावर ते लिहून ठेवावे.